आमटीचं कार्ड

रविवारी आमच्या लोअर परळच्या नव्या घराची पूजा झाली. चाळ पाडून टॉवर झाला आणि मला पहिल्यांदाच ऐसपैस भिंत असलेलं किचन मिळालं...

त्या भिंतीवर मी हौसेने फ्रेम लावल्या. गिरगावातल्या बंद पडलेल्या इराण्याचं मेनूकार्ड, लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदा जेवलो त्या हॉटेलचा पेपर नॅपकिन... आणि मधोमध आईच्या ट्रंकेत सापडलेली पाच रेसिपी कार्डं. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूला लिहिलेली चिंचगुळाची आमटी, अळूची भाजी, साखरभात.

आमच्या मालवणी घरात आमटीत कधी गूळ पडला नाही, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही. मला वाटलं, आईनेच कधीतरी हौसेने लिहिली असतील.

पूजेला आलेली मामी कौतुकाने म्हणाली, वन्सं, किती वळणदार अक्षर तुमचं. आईचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन ती पुटपुटली, "काढ ते आधी."

मला वाटलं लाजतेय. मी हसण्यावारी नेलं, वर सगळ्यांना कार्डं मोठ्याने वाचून दाखवायला लागले... आठवलं की स्वतःचाच राग येतो.

तेवढ्यात खुर्चीतून बाबा बोलले. "राहू दे गो. ह्या कार्डांवरच घर चाललं आपलं."

बाबा कापडगिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागावर होते. संपात गिरणी बंद पडली ती पुन्हा उघडलीच नाही. त्या दिवसांत आई रोज सकाळी शिवणक्लासला जायची, असंच आम्हा मुलांना माहीत होतं. खरं तर ती दादरला एका बाईंकडे स्वयंपाकाला जात होती. त्यांच्या पद्धतीचं तिला येत नव्हतं, म्हणून बाईंनीच तिला हे सगळं लिहून दिलं होतं.

आई बाबांकडे बघतच राहिली. नवऱ्याला कमीपणा वाटू नये म्हणून तिने हे त्यांच्यापासूनही लपवलं होतं. तुम्हाला कसं कळलं, एवढंच तिने विचारलं.

"पदराला तुपाच्या फोडणीचा वास यायचा तुझ्या. आपल्याकडे तेव्हा तूप होतं कुठे?"

म्हणजे बाबांना पहिल्यापासून माहीत होतं... आणि तिला वाईट वाटेल म्हणून चाळीस वर्षं ते गप्प राहिले.

आईने डोळे पुसले. मग मामीकडे वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अक्षर बाईंचं. स्वयंपाक मी करायचे."

कार्डं भिंतीवरच आहेत, आता आईला विचारून. आईबाबांना तोंडावर थँक्यू म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही... म्हणून इथे लिहिलं.