भरतीच्या आधी

पनवेलच्या बाजारात जिच्याकडून मी मासळी घेते, ती एका दुपारी माझ्या घरी आली. जुन्या हस्तलिखितांची डागडुजी हे माझं काम, तिला ते ठाऊक होतं. तिनं फडकं सोडलं. आत ताडपत्रांची पोथी होती, पानं एकमेकांना चिकटलेली.

"जासईचं जुनं घर पाडताना माळ्यावर गावली. सासऱ्याच्या आज्याचा मचवा पार मलबारला जायचा, त्यानं आनली असंल."

मागे उभा असलेला तिचा दीर म्हणाला, "कोरी पानं हायेत. गावल्यापासून घरात दोघं आजारी पडली. आज चारच्या भरतीला खाडीत सोडायची हाय."

घड्याळात पावणेतीन वाजले होते.

मी पानावरून बोट फिरवलं. बारीक ओरखडे लागले. मी त्याला सांगितलं, "ताडपत्रावर लोखंडी टोकानं अक्षरं कोरतात, मग त्यांत काजळी भरतात. काजळी उडाली की पान कोरं दिसतं."

"मंग दाखवा."

एरवी अशी चिकटलेली पानं सोडवायला मी आठवडा घेतला असता. त्या दिवशी घाई केली. बांबूची पातळ पट्टी पहिल्या पानाखाली सरकवली आणि बारीकसा आवाज झाला. कोपरा तुटून टेबलावर पडला.

"तुमीच मोडली," तो म्हणाला.

माझे कान तापले. इतक्या वर्षांत माझ्या हातून असं झालं नव्हतं, आणि झालं ते पोथीचा मालक बघत असताना.

"भावजी, बसा जरा," ती म्हणाली.

तेलात कालवलेली काजळी मी बोळ्यानं चोळली. पान सगळं काळं झालं, तसा तो उठून उभा राहिला. मग कोऱ्या कापसानं पुसत गेले. मागे गोल वळणाच्या अक्षरांच्या ओळी राहिल्या.

तो वाकून बघत राहिला. "देवाचं हाय काय?"

हो म्हटलं असतं तर पोथी वाचली असती, असं वाटून गेलं. "मला ही लिपी येत नाही," मी म्हटलं. "दक्षिणेकडची आहे, एवढंच सांगू शकते."

ती दिराकडे वळली. "तुमच्या पणज्यानं दर्यातून जपून आनली, नि तुमी ती दर्यात टाकनार?"

तीन वाजून गेले होते. त्यानं खिशातून फोन काढला, घरी लावला. "आज नाय जमत," एवढंच म्हणाला.

पोथी चार महिने माझ्याकडे होती. फोटो पाहून केरळातल्या एका जाणकार बाईंनी कळवलं, लहान मुलांच्या दुखण्यांवरची औषधं आहेत. पोथी न्यायला दीर एकटाच आला. मजकूर ऐकून त्यानं पिशवी उघडली. पोथीच्या वरखाली लावायच्या लाकडी फळ्या त्यानं स्वतः तासून आणल्या होत्या. दोन्ही अगदी मापात बसल्या.