साहेबांची घाई आणि कुंदाचा टाइमआउट

पोरींची दमछाक झालीय, त्यांच्या कोचनं नियमानं एक मिनिट मागितलंय, आणि पाहुण्याला उशीर होतोय म्हणून ते द्यायचं नाही? तुम्हीच सांगा, हा कुठला न्याय?

मरोळ गावठाणातल्या एथेलनं हे भर मैदानात विचारलं. गुडघा गेला, खेळणं सुटलं, बास्केटबॉल काही सुटला नाही. म्हणून ती दर रविवारी उपनगरभर सामन्यांच्या टेबलावर बसायची. गुण लिहायचे, आणि कोच टाइमआउट मागायला आला की खेळ थांबताच घंटा वाजवून पंचांना कळवायचं. फुकटचं काम. चहासुद्धा सगळ्यांच्या शेवटी.

चौऱ्याऐंशी साली मुलुंडला अंतिम सामना होता. यजमान मंडळाच्या मुलींनी लागोपाठ तीन बास्केट टाकल्या. समोरच्या साकीनाक्याच्या पोरींची वाट लागली. बदली उतरवायला एकही खेळाडू उरली नव्हती. त्यांची कोच कुंदा टेबलाशी आली, हातांनी खूण करून म्हणाली, "टाइमआउट." बॉल बाहेर गेला, घड्याळ थांबलं, एथेलनं घंटा वाजवली.

पंच जयवंतनं हात झटकला. "राहू दे गं एथेल. पाहुण्या साहेबांना पुढे एका सत्काराला जायचंय."

"साहेब खेळतायत का रे?"

लोक खो खो हसले. जयवंतचे कान लाल. त्यानं तसाच बॉल खेळात द्यायला घेतला, तर पुन्हा घंटा! मंडळाचे सेक्रेटरी दत्ताराम धावत आले. "बाई, पाहुण्यांसमोर तमाशा कशाला? ती घंटा द्या इकडे."

तिनं घंटा मांडीत घेतली. "मघाशी तुमचा कोच खुर्चीतूनच ओरडला, तर या जयवंतनं लगेच दिला टाइमआउट. ही बाई टेबलाशी येऊन रीतसर मागतेय, तो तमाशा?"

"द्या ना, द्या!" लोकच ओरडायला लागले. जयवंतला द्यावा लागला. पोरी पाणी प्यायल्या, कुंदानं घसा बसेस्तोवर समजावलं. साहेब तेवढ्यात उठून गाडीत बसले. साकीनाका हरलं, पण लढून, एका बास्केटनं.

नंतर दत्ताराम एथेलला म्हणाले, "पुढच्या वेळी त्रास घेऊ नका हं." हाकलायची ही सभ्य भाषा! तेव्हापासून एकाही मंडळाचं बोलावणं नाही. म्हणे, बाई चांगली, पण हट्टी. नियम पाळला तर हट्टी, आणि नियम मोडणारा जयवंत अजून ऐटीत शिट्टी फुंकतोय!

यंदा तुमच्या मंडळाच्या सामन्यांना टेबलावर माणूस लागेलच. मरोळ गावठाणात जा आणि एथेलला बोलवा.