मुलींचा सामना संध्याकाळी सातला

बुधवारी दुपारी एक वाजता तुम्ही कुठे असता? खरं सांगा. ऑफिसात असता, वर्गात असता, वॉर्डात असता, नाहीतर लेकराला शाळेतून आणायच्या घाईत असता. फुटबॉलच्या मैदानाच्या कडेला तर नक्कीच नसता. मग नेमक्या त्याच वेळी सामना ठेवायचा आणि वर म्हणायचं की मुलींचे सामने बघायला कोणी येतच नाही, याला काय म्हणायचं? मी याला लबाडी म्हणते. तेव्हाही म्हटलं होतं, जरा जास्तच मोठ्याने.

डब्लिनच्या दक्षिणेला टॅलामध्ये मी शिकायला आले ती २०२० च्या सप्टेंबरात. वर्ग लॅपटॉपवर, ग्रंथालय बंद, मैदानांना कुलूप. भाड्याच्या घरात माझ्यासोबत एकच मुलगी राहायची. ती नर्सिंग शिकत होती आणि आमच्या कॉलेजच्या मुलींच्या संघाची कप्तान होती. खेळ गेलिक फुटबॉल. त्यात चेंडू हातातही घेता येतो आणि गोलाचे खांब आडव्या दांडीच्या वरही उंच गेलेले असतात. टाळेबंदीत तिला खेळायला संघ नव्हता, म्हणून तिने मला धरलं. मागच्या अंगणात कपडे वाळत घालायची दोरी होती, तीच आमची दांडी.

"दोरीवरून गेला की एक गुण, खालून गेला की तीन," ती म्हणायची. "लक्षात ठेव. वरून मारणं म्हणजे चूक नाही, तीच आमची रोजची भाकरी." भाकरी हा शब्द अर्थात माझा. ती ब्रेड म्हणाली होती.

तिची आई जवळच्या मोठ्या हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात कामाला होती, कायम दिवसपाळी. लेक शाळेत असताना रविवारचे सगळे सामने आईने पाहिले होते. कॉलेजचा एकही नाही, कारण कॉलेजच्या मुलींचे सामने कामाच्या दिवशी भरदुपारी. "कॉलेजच्या जर्सीत आईने मला फक्त फोटोत पाहिलंय," असं ती एकदा भांडी पुसता पुसता म्हणाली आणि बशा प्रेसमध्ये ठेवू लागली. तिथे कपाटाला प्रेस म्हणतात. तिने ते सहज म्हटलं होतं. मला मात्र ते जेवताना घासाबरोबर टोचत राहिलं.

पुढच्या शरदात मैदानं उघडली, प्रेक्षकांनाही परवानगी मिळाली आणि वेळापत्रक आलं. मुलांचे घरचे सामने संध्याकाळी सातला, दिव्यांखालच्या मुख्य मैदानावर. मुलींचे दुपारी एकला, पार्किंगच्या मागच्या मैदानावर. कप्तानाचं ते शेवटचं वर्ष होतं. पहिला सामना बघायला मी गेले. प्रेक्षकांत मी, एक बाई आणि तिचा कुत्रा. कुत्रा मध्यंतराला कंटाळून बाईला घेऊन गेला.

त्याच दुपारी मी क्रीडा विभागात जाऊन धडकले. वेळापत्रक करणारे गृहस्थ स्वभावाने चांगले होते. तेच तर अवघड असतं. वाईट माणसाशी भांडायला सोपं जातं.

"मुलींच्या सामन्यांना गर्दी होत नाही," ते म्हणाले. "दिवे लावायचे कोणासाठी?"

"गर्दी का होत नाही?"

"दुपारी कोण येणार?"

"मग दुपारी का ठेवता?"

"गर्दी होत नाही म्हणून."

हे बोलून ते स्वतःच थांबले. त्यांनी कान खाजवला, कॉम्प्युटरकडे पाहिलं आणि म्हणाले, "एक संधी देतो. पुढचा घरचा सामना, सात वाजता, मुख्य मैदान. मैदानाकडेच्या बांधावर माणसं दिसली तर हंगामभर तीच वेळ. नाही दिसली तर परत मागे. ग्रँड?"

"ग्रँड," मी म्हटलं. तिथे 'चालेल'ला ग्रँड म्हणतात.

आता माणसं आणायची होती. त्यासाठी मला एकच गोष्ट येते. आमच्या नागपूरच्या घरात वडील पत्रकं काढायचे. पाणीपट्टीवर, बसभाड्यावर, शाळेच्या फीवर. मी अक्षरं ओळखायला शिकले ती त्या पत्रकांवर, आणि अजूनही मनाला काही लागलं की माझा हात कागदाकडे जातो. मी पत्रक लिहिलं. मथळा: 'वेळ कोण ठरवतं?' एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला मराठी. गर्दी ही काही आभाळातून पडत नाही, कोणीतरी टेबलाशी बसून ती येऊ देतं किंवा अडवतं, असं त्यात होतं. पाळीवर काम करणाऱ्यांचा संध्याकाळवरचा हक्क होता. मुलींच्या घामाची किंमत होती. कप्तानाने इंग्रजी बाजू वाचली आणि विचारलं, "आपण फुटबॉल खेळतोय की सरकार पाडतोय?"

हॉस्पिटलच्या दारात, बसस्टॉपवर, कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये मी ते वाटलं. मराठी बाजूचा फोटो डब्लिनमधल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पुण्यामुंबईची सॉफ्टवेअरमधली मंडळी, दीड वर्षं घरातून काम करून आंबलेली. एका दादाने लगेच लिहिलं, "फुकट आहे का?" आहे म्हटल्यावर, "मग सासूबाईंनाही आणतो."

या सासूबाई कोल्हापूरकडच्या. लेकीच्या बाळंतपणाला म्हणून २०२० च्या सुरुवातीला आल्या त्या विमानं बंद झाल्याने अडकल्या, आणि पुढे नातवाने सोडलं नाही. आम्ही सगळे त्यांना मावशी म्हणायचो.

सामन्याच्या दिवशी एक अडचण आली. गोलाच्या खांबांशी पंच म्हणून उभं राहायला प्रत्येक संघाने आपली माणसं द्यायची असतात, आणि आमची नेहमीची मुलगी आजारी पडली. कप्तानाने पांढरा कोट माझ्या अंगावर टाकला. "नियम तुला माहीत आहेत. दांडीवरून गेला की पांढरा झेंडा, जाळीत गेला की हिरवा. डावा खांब तुझा. आणि ऐक, कोट घातलास की तू कोणाचीच नाहीस. ओरडायचं नाही, टाळी नाही, काही नाही."

मला तोंड बंद ठेवायला सांगणारा कोट!

दिवे लागले. गवत इतकं हिरवं दिसत होतं की खोटं वाटावं. सातला पाच मिनिटं असताना बांध रिकामा होता. मग फाटकातून माणसं यायला लागली. पाळी संपवून आलेल्या नर्सेस, कॅन्टीनमधली पोरं, आणि आमची मराठी मंडळी, मफलर, कानटोप्या, मास्क, चिवड्याचे डबे अशी जय्यत तयारी करून. बांध भरला. गणवेशावर कोट चढवलेली कप्तानाची आईही तिथे दिसली. मी कोटाच्या आत अक्षरशः नाचत होते.

सामना सुरू झाला. पाहुण्या संघाने पूर्वार्धात माझ्या बाजूला चढाई केली. त्यांच्या मुलीने लाथ मारली, चेंडू सुंदर कमान घेऊन दांडीवरून गेला. मी पांढरा झेंडा वर केला. बांधावरून टाळ्यांचा कडकडाट. किती मोठ्या मनाचे लोक आपले, मला वाटलं. पाहुण्यांच्याही खेळाचं कौतुक करतात! माझा ऊर भरून आला.

मग पलीकडच्या टोकाला आमच्या कप्तानाने लांबून चेंडू मारला. तोही दांडीवरून गेला. आमचा पहिला गुण. आणि बांधावरून एकमुखाने आलं, "अरेरेरेरे!"

माझा ऊर जागच्या जागी रिकामा झाला.

पत्रकात सगळं होतं. हक्क होता, घाम होता, टेबलाशी बसलेला माणूस होता. दांडीवरून गेला की गुण मिळतो, एवढं नव्हतं. टीव्हीवरच्या फुटबॉलवर वाढलेल्या माझ्या माणसांना वाटत होतं की वरून गेलेला प्रत्येक चेंडू वाया गेला. गुणफलक नव्हता, की बघून उमगावं. त्यात मी पांढरा झेंडा फडकवत होते, आणि पांढऱ्या झेंड्याचा अर्थ काय, हे त्यांना कोणी सांगायला नको होतं. पाहुण्यांनी शरणागती पत्करली! पुन्हा टाळ्या. नर्सेस आणि कॅन्टीनमधली पोरं आधी गोंधळली, पण आमच्या मंडळींचा आवाजच इतका होता की त्यांचं काही चालेना.

आणि मी? मी कोटात. ओरडायचं नाही, खूण नाही, काही नाही. मी झेंड्याची काठी चावायची तेवढी बाकी ठेवली.

घरच्या गर्दीने खेळ बदलतो, हे मी पत्रकात ठासून लिहिलं होतं. ते खरं निघालं. पाहुण्या मुली टाळ्यांनी फुलत गेल्या. आमच्या मुली प्रत्येक गुणानंतर बांधाकडे बावरून बघत. शेवटी कप्तानाने ठरवलं की लोकांना गुण नकोत, गोलच हवेत, आणि आमच्या मुली सोपे गुण सोडून जाळीकडे धडका मारू लागल्या. त्यांची गोलरक्षक भिंतीसारखी होती. मध्यंतराला आम्ही चांगलेच मागे पडलो होतो.

शिट्टी वाजताच मी कोटासकट बांधाकडे धावले.

"वरून गेला की गुण मिळतो! एक गुण! खालून गेला तर तीन!"

मग दादा म्हणाला, "म्हणजे आत्तापर्यंत आम्ही..."

"हो. पाहुण्यांना."

"मग पत्रकात का नाही लिहिलंस?"

"पत्रकात तत्त्व मांडलं होतं."

"तत्त्व ऱ्हाऊ दे बाजूला," मावशी म्हणाल्या. "आदी खेळ सांगायचा की गं पोरी. मी मेली घसा फोडून त्यांच्यासाठनं वरडाय लागलीया!"

कप्तानाची आई थोडी दूर उभी होती. मी तिलाही सगळं सांगितलं. तिने तोंडावर हात ठेवला. "मला वाटलं ही सगळी पाहुण्यांकडची माणसं," ती म्हणाली. "मी म्हटलं, शाबास, केवढी माणसं आणलीत यांनी! आणि माझ्या पोरीवर का इतकी चिडलीत?" मग ती हसू लागली, इतकी की तिला मावशींच्या खांद्याचा आधार घ्यावा लागला. मावशींना तिचं एक अक्षर कळलं नव्हतं. त्यांनी तिच्या हातात चिवडा ओतला.

उत्तरार्धात बाजू बदलल्या. आमच्या मुली माझ्या खांबांकडे येऊ लागल्या. पहिला चेंडू दांडीवरून गेला आणि बांध उसळला. कप्तान धावता धावता थबकली, बांधाकडे पाहिलं आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मला पुढे कित्येक दिवस अभ्यासाच्या वेळी आठवत राहिलं. मावशींनी "वरनं मार, वरनं!" अशी आरोळी ठोकली. दादाने ती उचलली. मग नर्सेसनी. मग कॅन्टीनमधल्या पोरांनी. आयर्लंडच्या त्या मैदानावर सगळे मिळून कोल्हापुरी बोलत होते, आणि कप्तानाची आई सगळ्यांत मोठ्याने.

एक एक करत गुण आले. बरोबरी झाली. शेवटचं मिनिट. कप्तानाने उजव्या कडेवरून, कठीण कोनातून, पाय फिरवला. चेंडू उंच गेला, दिव्यांच्या वर दिसेनासा झाला आणि वळत वळत थेट माझ्या खांबाकडे आला. बांध आधीच नाचायला लागला होता. दुसऱ्या खांबाशी उभी असलेली पाहुण्यांची पंच माझ्याकडे बघत होती, कारण तो खांब माझा होता.

चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. वीतभर. मला स्वच्छ दिसलं.

झेंडा हातात होता. सगळा बांध, तिची आई, त्या झेंड्याकडे बघत होती. मी तो खाली ठेवला आणि दोन्ही हात आडवे हलवले. बाहेर.

"पोरी!" मावशींचा आवाज सबंध मैदानाने ऐकला. "तू हाईस तरी कुणाकडची?"

सामना बरोबरीत सुटला.

मी कोट काढत होते तेव्हा कप्तान आली, चिखलाने माखलेली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "बाहेरच होता. पायातून सुटला तेव्हाच कळलं मला." मग वळून बांधाकडे धावली. आई उतरून खाली येत होती. दोघी मैदानाच्या रेषेवर भेटल्या. आईने आधी तिच्या गालावरचा चिखल पुसला, मग जर्सीवरचं कॉलेजचं चिन्ह हाताने चाचपून पाहिलं, जणू ते खरंच शिवलेलं आहे का बघावं तसं.

दादा कोणालातरी पुढच्या सामन्याची तारीख विचारत होता. मावशी अजून माझ्यावर रागावलेल्या होत्या, पण चिवड्याचा शेवटचा घास त्यांनी मलाच दिला.

वेळापत्रकवाले गृहस्थ फाटकाशी उभे होते. "तुमचे लोक," ते म्हणाले, "पूर्वार्धात नक्की कोणाच्या बाजूचे होते?"

"शिकत होते."

"बरं." त्यांनी ओसरत चाललेल्या बांधाकडे पाहिलं. "हंगामभर सात वाजता. मुख्य मैदान. मुलांच्या संघाशी मी बोलतो."

आणि बोलले. त्यांनी शब्द पाळला. त्या हंगामात कप्तानाची आई घरच्या एकाही सामन्याला चुकली नाही.

म्हणून माझी एक मागणी आहे, आणि ती तुम्ही पुरी करावी. तुम्ही पुण्यात असा, नागपुरात असा, नाहीतर आयर्लंडमधल्या एनिसला असा. तुमच्या जवळच्या कॉलेजातल्या मुलींचा पुढचा सामना कधी ठेवलाय, ते या आठवड्यात फोन करून विचारा. कामकरी माणसाला जमण्यासारखी वेळ नसेल, तर ती कोण ठरवतं हेही विचारा, त्यांना भेटा आणि वेळ बदलून मागा. बदलून मिळाली की घरात बसू नका. शेजाऱ्यांना घेऊन जा.