अण्णांनी सरकवलेली गाठ

आमची आत्या लढाईच्या काळात लष्करात नर्स होती. थेट ब्रह्मदेशापर्यंत जाऊन आलेली. लग्न केलं नाही. बेंबळीला परतली ती आमच्याच घरी, आणि माझ्या वडलांवर, म्हणजे अण्णांवर, थोरल्या बहिणीचा अंमल गाजवू लागली. अण्णा गावात कुणाला भीत नसत. ती कसर घरात भरून निघे.

छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला त्या सुमारास अंघोळ करताना आत्याच्या हाताला छातीत गाठ लागली. तिनं आईला सरळ सांगितलं. आईनं अण्णांना सांगितलं, तर ते तडक उठून बैलांना पाणी दाखवायला गेले. आमच्याकडं रीतच अशी होती, की बाई आजारी पडली तर घरातल्या पुरुषानं एकट्यानं डॉक्टरकडं जायचं, दुखणं सांगायचं आणि औषध आणायचं. आता थोरल्या बहिणीच्या छातीचं परक्यापुढं बोलायचं कसं? गावातल्या डॉक्टरला त्यांनी सांगितलं, काखेत गाठ आहे. मलम आलं. उस्मानाबादच्या दवाखान्यात रांगेत बायकाही होत्या, म्हणून तिथं गाठ आणखी सरकून खांद्यावर गेली. चोळायचं तेल मिळालं. नीट सांगितलंस का, असं आत्या दर वेळी विचारायची आणि अण्णा बैलांकडं बघत मान हलवायचे. खरी गाठ जागची हलत नव्हती, नुसती वाढत होती. मला धास्ती वाटायला लागली होती.

शेवटी आत्या म्हणाली, लष्कराची चाकरी केली, आता लष्करच बघेल. सैनिकांच्या कचेरीत आम्ही तिघं गेलो. मी नुकतीच शाळेत मास्तरीण झाले होते, म्हणून सोबतीला. पण कचेरीतही आम्ही दोघी बाहेरच्या बाकावर आणि अण्णा आत. कारकुनानं त्यांच्या मिशा पाहिल्या आणि कुठल्या आघाडीवर होता, असं विचारलं. अण्णा नेहमीप्रमाणं बहिणीच्या वतीनं बोलत होते. ब्रह्मदेशात, म्हणाले. दुखणं काय? खांदा. पुण्याच्या लष्करी दवाखान्याची चिठ्ठी घेऊन ते लढाई जिंकल्यासारखे बाहेर आले.

येडशीहून छोटी गाडी, कुर्डुवाडीला बदल, मग पुणं. तिथंही अण्णा पुढं. डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली आणि त्यांना सदरा काढायला सांगितला. अण्णांनी काढला. साहेबाला नाही म्हणायची सवय नव्हती. डॉक्टर खांदा दाबून इथं दुखतं का विचारत होते, आणि अण्णा भिडेपोटी थोडं थोडं दुखतं म्हणत होते. अर्धवट उघड्या दारातून आम्हांला सगळं दिसत होतं. मला हसू आवरेना. आत्या मात्र पांढरी पडली. इतके महिने काय झालं असेल, ते तिला त्या क्षणी कळलं.

ती आत गेली. "फौजी मी आहे," ती म्हणाली. "गाठ माझी आहे. छातीत, डाव्या बाजूला."

डॉक्टरांनी तिला पडद्यामागं नेलं. अण्णा उघड्या अंगानं, सदरा मांडीवर घेऊन स्टुलावर बसून राहिले. पडद्यापलीकडून डॉक्टरांचा आवाज आला, इतका उशीर का केलात? अण्णा सदऱ्यात तोंड खुपसून रडायला लागले.

डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, उद्याच ऑपरेशन करू, वेळ अजून गेलेली नाही. आत्या अण्णांशेजारी येऊन बसली. तिनं त्यांच्या मांडीवरचा सदरा मुठीत घट्ट धरला. तिला भ्यालेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

"अक्का, भिऊ नगा, म्या हाय," अण्णा म्हणाले.

वॉर्डात नेताना तिथल्या शिपायानं अण्णांनाच विचारलं, बाईंना काय झालंय? व्हरांड्यात पायाला प्लास्टर घातलेले जवान ओळीनं बसले होते. अण्णांनी त्या सगळ्यांकडं एकदा पाहिलं.

"छातीत गाठ हाय," ते म्हणाले, साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात. "डाव्या छातीत. ती माझी थोरली बहीण हाय."