मार्थाबाईंचा पूल आणि माझा हात

मुलीच्या अमेरिकेतल्या नेपरव्हिलच्या घरी तीन आठवडे खिडकीतून बर्फ वितळताना पाहून मी अगदी कंटाळलो होतो. तेवढ्यात शेतकी शिकणारा माझा भाचा संजय गाडी घेऊन आला. "मामा, आमच्या गावी टाउनशिपची मीटिंग आहे, चला." टाउनशिप म्हणजे चार वस्त्या मिळून एक ग्रामपंचायत! दोन वेळा सरपंच राहिलेल्या माणसाला आणखी काय हवं? शहाऐंशी सालचा एप्रिल होता तो. मी लगेच टोपी चढवली आणि तिथल्या सरपंचांच्या सत्कारासाठी शाल नि नारळही घेतला.

दोन तास नुसती सपाट काळी शेतं. संजय मार्थाबाई नावाच्या विधवा शेतकरणीच्या घरी खोली घेऊन राहायचा. बाईंनी सफरचंदाचा पाय (गोड सारण भरलेली भाजलेली जाड पोळी) पुढे ठेवला, पण स्वतः एक घासही घेतला नाही. बाईंच्या घराकडे जाणारा ओढ्यावरचा लाकडी पूल दुरुस्त करायचा की बंद, ते सभेत ठरणार होतं. बंद झाला तर दुधाची गाडी लांबच्या वळशाने येणार नव्हती, आणि मग गाई विकाव्या लागणार होत्या.

सभा भरली ती बर्फ उपसायच्या यंत्रांच्या शेडमध्ये. मी व्यासपीठ शोधू लागलो. ते नव्हतंच!

"हार-बिर काही नाही यार मामा, शाल गाडीतच ठेवा," संजय कुजबुजला.

सरपंच स्वतःच खुर्च्या मांडत होते. मला फार वाईट वाटलं. त्यांच्यासाठी नव्हे, शालीसाठी.

अर्ल नावाचा आडदांड रोड कमिशनर (रस्त्यांचा निवडून आलेला कारभारी) उठून म्हणाला, "एका घरासाठी पूल परवडत नाही." बरीच वादावादी झाली. शेवटी अध्यक्षांनी विचारलं, "दुरुस्तीच्या बाजूने कोण?" आयुष्यभर ठरावांना अनुमोदन देत आलेला माझा हात आपसूक वर गेला.

"मामा, हात खाली! तुम्ही इथले मतदार नाही!"

तोवर मोजणी झाली होती. एका मताने ठराव पास! टाळ्या पडल्या आणि मार्थाबाईंचे डोळे भरून आले. गप्प बसलो तर बाईंच्या गाई वाचत होत्या. पण खोट्या मतावर पूल उभा करायला मन धजेना. उठलो आणि मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं. शेड हसलं, पुन्हा मोजणी झाली. बरोबरी! म्हणजे ठराव नापास. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एवढ्यात लक्षात आलं, मोजणीच्या वेळी मार्थाबाईंचे हात मांडीवरच होते. "तुम्ही हात वर केला नाहीत?" मी विचारलं.

"स्वतःच्याच कामाला मत देणं बरं दिसत नाही," त्या पुटपुटल्या.

"अहो, आमच्या गावात ज्याचं काम तो दोन्ही हात वर करतो!"

संजयने मोठ्याने भाषांतर केलं. सगळे खो-खो हसले. मग अर्लच उठला. "मार्था, मी तुझ्या विरुद्ध आहे. पण तुझं मत तुझं आहे. कर हात वर." अध्यक्षांनी पुन्हा विचारलं. बाईंनी लाजत लाजत हात वर केला.

सकाळी परत निघालो तर अर्ल पुलावर टेपने फळ्या मोजत होता. संजयने गाडी थांबवली. "तुम्ही तर पुलाच्या विरुद्ध होता ना?" मी विचारलं.

"ते काल," तो म्हणाला आणि टेपचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं. "घट्ट धरा."

निवडणुकांत हरलेली पुष्कळ माणसं मी पाहिली. दुसऱ्या दिवशी त्यांची तोंडंही दिसत नसत. मी टोपी सावरली आणि टोक घट्ट धरून उभा राहिलो. निघताना शाल गाडीतून काढली आणि अर्लच्या खांद्यावर घातली. कशासाठी, ते त्याला कळलं नाही.