कलेजी मले सांगतली होती

बायांनो, आज सकाळी आमी नवरा-बायको बैलाच्या दमणीत बसून अमरावतीच्या सरकारी दवाखान्यात गेलो. यांच्या पायाचा अंगठा सुजलेला, माझ्या अंगात रक्त नाही. गोऱ्या डॉक्टरनं यांचं मटण बंद केलं आन् मले कलेजी खायले सांगतली.

दुपारी वलगावले परतलो, तं घरी पिराच्या नवसाचा, कंदुरीचा बकरा शिजला होता. सासूबाईनं यांनाच इचारलं, "काय म्हणे डॉक्टर?"

"कलेजी खा म्हणे."

कोणं खायची, ते सांगतलंच नाही. सासूबाईनं सारी कलेजी यांच्या ताटात वाढली.

मी म्हणलं, "ते मले सांगतली होती."

"गड्याच्या ताटावर नजर ठेवतं काय वं? तुले रस्सा पुरे."

हे खाली मान घालून जेवले. आता अंगठा ठणकून राहिला आन् मी शेकून देऊन राहिली.

तुमच्यातल्या कोणी कलेजी चाखली असन तं सांगा, खरंच रक्त वाढते काय?