आपाची अकरा पाकिटं

माझी थोरली बहीण काजं करते. शर्टांची, कोटांची, शाळेच्या गणवेशांची. तीन शिंप्यांच्या दुकानांतून तिच्याकडे कपडे येतात, आणि ती खिडकीपाशी बसून काज, बटण, तुरपाई करून ते परत पाठवते. सगळे तिला आपा म्हणतात, तिच्याहून वयानं मोठे असलेले शिंपीसुद्धा. मेहुणे जाऊन वीस वर्षं झाली. त्या खिडकीपाशी बसूनच तिनं मुलीला वाढवलं, शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं.

तिच्यासारखी काटेकोर बाई मी दुसरी पाहिली नाही. रिळात दोन हात दोरा उरला तरी तो पुठ्ठ्याला गुंडाळून परत जाणार. एकदा शिंपी वैतागून म्हणाला, "आपा, उरलेला दोरा वाहून न्यायला मला आता माणूस ठेवावा लागेल." ती म्हणाली, "ठेव की. त्यालाही काम मिळेल." काज तिरकं गेलं तर त्या शर्टाचे पैसे ती घेत नसे. मी म्हणायचो, "अगं, गिऱ्हाइकाला कुठे दिसतंय ते?" "मला दिसतं ना," ती म्हणायची. आम्ही घरी तिची नक्कल करून हसायचो. हसायला आमच्या बापाचं काय जात होतं.

मी पाणीपुरवठा खात्यात कारकून. पगार बँकेत, शिल्लक बँकेत, आणि बँक म्हटली की व्याज आलंच. आमच्या धर्मात व्याज हराम. पैशानं बसल्या जागी पैसा वाढवायचा, मेहनत दुसऱ्याची, तोटाही दुसऱ्याचा, हे मान्य नाही. धंद्यात पैसा घाला, पण नफ्याबरोबर नुकसानही सोसा, असं सांगणं आहे. म्हणून मी मौलवीसाहेबांना विचारलं, या व्याजाचं करू काय? ते म्हणाले, "स्वतः खाऊ नका. गरजूला देऊन टाका. पण दान केलं असं मनात आणू नका. घरातला कचरा बाहेर काढला, एवढंच समजा."

गरजू शोधायला मला लांब जावं लागलं नाही. दर वर्षी व्याज जमा झालं की मी ते काढायचो, पांढऱ्या पाकिटात घालायचो आणि आपाच्या हातात ठेवायचो. माझे हात स्वच्छ आणि बहिणीलाही मदत. एका दगडात दोन पक्षी. वर नातेवाइकांत नाव व्हायचं, "भाऊ असावा तर असा." ते ऐकताना मी नको नको म्हटल्यासारखी मान हलवायचो. आज ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

हे पैसे कुठले, ते मी तिला कधी सांगितलं नाही आणि तिनंही विचारलं नाही. सख्ख्या भावाला कोण विचारतं? पाकिटं मिळूनही तिच्या पायांत तीच शिवून घेतलेली चप्पल असायची, आणि मला राग यायचा. "आपा, सगळं वर घेऊन जाणार आहेस का?" असं मी खोचकपणे म्हणायचो. ती नुसती हसायची.

यंदा तिची मुलगी आणि जावई हजला निघाले. जावई म्हणाला, तुम्हीही चला, खर्च माझा. तिनं त्याला साफ नाही म्हटलं आणि एका दुपारी मला बोलावून घेतलं. कपाटातून पत्र्याचा डबा काढला. त्यात फडक्यात बांधलेली तिची कमाई होती आणि शेजारी माझी अकरा पाकिटं. एकही फोडलेलं नव्हतं.

"जावयाचं कसं घ्यायचं?" ती म्हणाली. "भावाचं चालतं. हजला पैसा निर्मळ लागतो रे. माझ्या कमाईची मला खात्री नाही. एखादं काज वाकडं गेलं असेल, नजर चुकली असेल, आणि मी पैसे घेतले असतील. तुझी पाकिटं मात्र डोळे झाकून देता येतील. शुक्रवारपर्यंत भरायचेत."

तिनं चहा टाकला होता, तो न पिताच ऑफिसचं निमित्त करून मी सटकलो.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "आपल्या पगाराच्या शिलकीतले तेवढे काढा आणि आपा बाहेर गेल्या की गुपचूप बदलून टाका. बोभाटा कशाला?" शिल्लक होती. पण ती घराच्या वरच्या मजल्यासाठी ठेवलेली. दोन दिवस मी तळमळत होतो, आणि खरं सांगतो, पापाच्या भीतीनं नाही. वरचा मजला की बहीण, हे माझं ठरत नव्हतं. तिसऱ्या दिवशी स्वतःचीच किळस आली आणि मी पैसे काढून तिच्याकडे गेलो. ती बाहेर गेली असती तर मी चोरून बदललेही असते. पण ती घरीच होती, खिडकीपाशी.

मग सगळं सांगितलं. ती काज करत होती, सुई थांबली नाही. मला वाटलं, आता हराम-हलालवर चार शब्द ऐकावे लागतील. तिनं विचारलं ते वेगळंच.

"अकरा वर्षांत एकदा तरी तुझ्या पगारातलं होतं?"

"नाही."

"एखाद्या पाकिटात थोडं तरी?"

"नाही, आपा."

आता सुई थांबली. "म्हणजे तुला जे घरात ठेवायचं नव्हतं, ते तू माझ्या घरात आणून टाकत होतास. आणि मी लोकांना सांगत होते, माझा भाऊ पोटाला चिमटा काढून देतो."

मी खिशातले पैसे पुढे केले. हे पगाराचे आहेत, शपथेवर सांगितलं. तिनं हात लावला नाही.

"हे तू मला देत नाहीस," ती म्हणाली. "तुला झोप यावी म्हणून देतोयस. मला द्यायचं असतं तर आधीच दिलं असतंस." मग उठून तिनं सगळी पाकिटं पिशवीत भरली आणि पिशवी माझ्या हातात दिली. "गरजूला दे. मी काम करून खाते."

तिचा आवाज चढला असता तर बरं झालं असतं. मीही दोन शब्द बोललो असतो, भांडण झालं असतं, मिटलंही असतं. पिशवी घेऊन मी धर्मादाय दवाखान्यात गेलो. पावती कोणाच्या नावानं करू, असं तिथल्या माणसानं विचारलं तेव्हा मी नाव न सांगताच बाहेर पडलो. पगाराचे पैसे पुन्हा बँकेत भरले. त्यांवर व्याज चढतंय.

शुक्रवार उलटला. मुलगी आणि जावई निघाले त्या सकाळी अख्खी गल्ली बसपाशी जमली होती. आपा मुलीला सूचना करत होती, पाणी पीत जा, गर्दीत हात सोडू नकोस. तेवढ्यात शेजारणीनं विचारलं, "आपा, तुम्हीही जाणार होतात ना?"

मी शेजारीच उभा होतो.

"पैसे कमी पडले," आपा म्हणाली.

शेजारणीनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. "यांनी तरी बिचाऱ्यांनी किती द्यायचं? एवढी वर्षं देतायत तेच पुष्कळ."

आपानं फक्त माझ्याकडे पाहिलं. बोलायची पाळी माझी होती. बस सुटली, आणि मी बसकडे बघून हात हलवत राहिलो.